संवादी इनपुट आणि लुकअहेड: भाषेच्या मानकात नेमके काय लिहावे?

अर्धविराम (प्रश्न)

मी शिकणाऱ्यांसाठी एका छोट्या प्रोग्रामिंग भाषेचा इंटरप्रिटर (त्या भाषेतले प्रोग्राम वाचून चालवणारा प्रोग्राम) लिहीत आहे आणि त्याबरोबरच त्या भाषेचे नियमपत्रही तयार करत आहे. उद्या दुसऱ्या कोणाला याच भाषेचा वेगळा इंटरप्रिटर लिहायचा झाल्यास माझा कोड न चाळता केवळ नियम वाचून तो लिहिता यावा, एवढीच अपेक्षा आहे. बाकीची प्रकरणे मार्गी लागली. घोडे अडले आहे ते इनपुटच्या प्रकरणावर.

नियमपत्रात मी इनपुटचे वर्णन 'अक्षरांचा क्रम आणि त्यात पुढे सरकणारी एक खूण' असे केले आहे. खुणेपाशी असलेले अक्षर न उचलता नुसते पाहता येते, 'इनपुट संपले का?' असे विचारता येते आणि आकडा वाचणारी क्रिया आकड्यात न बसणारे पहिले अक्षर दिसेपर्यंत पुढे जाते. इनपुट फाइलमधून येत असेल तर हे सारे चोख चालते. तोच प्रोग्राम टर्मिनलवर, म्हणजे कीबोर्डवरून उत्तरे टाइप करत, चालवला की 'वय सांगा' हा प्रॉम्प्ट वापरकर्त्याने वय टाइप केल्यानंतर उमटतो आणि एका ओळीचे उत्तर पुढची ओळ टाइप केल्याखेरीज दिसत नाही. इंटरप्रिटरमध्ये ठिगळ लावून हे निस्तरता येईल, परंतु मग माझे नियमपत्र आणि माझा इंटरप्रिटर यांच्यात तफावत पडेल की नाही, हेच मला ठरवता येत नाही.

प्रस्थापित भाषांच्या मानकांनी हा प्रश्न कसा सोडवला आहे? टर्मिनलचा उल्लेख नियमांत करावा, की तो अंमलबजावणी करणाऱ्यावर सोडावा? आणि पुढचे अक्षर न उचलता पाहण्याची, म्हणजे लुकअहेडची, मुभा किती अक्षरांपर्यंत द्यावी?

रिकामी_ओळ

आपले वर्णन वाचताना पास्कल या भाषेचीच आठवण होते, कारण आपण मांडलेली रचना जवळजवळ शब्दशः पास्कलची आहे आणि तिच्यातून निघणारी अडचणही तीच आहे. पास्कलमध्ये प्रत्येक फाइलबरोबर एक बफर-चल (चालू मूल्य धरून ठेवणारी जागा) येते. 'इनपुट^' असे लिहिले की फाइलमधले चालू अक्षर मिळते. 'गेट' ही क्रिया पुढचे अक्षर त्या चलात आणून ठेवते, आणि 'रीड' म्हणजे आधी बफरमधले मूल्य उचलणे व मग 'गेट' करणे, अशी तिची व्याख्या आहे. 'रीसेट' (फाइल सुरुवातीपासून वाचण्यासाठी उघडणे) केल्यावर फाइलचे पहिले अक्षर बफरमध्ये असलेच पाहिजे, आणि 'इनपुट' या फाइलवर प्रोग्राम सुरू होतानाच 'रीसेट' झालेले असते. १९७० च्या सुमारास झुरिकच्या ईटीएच या विद्यापीठात ही भाषा सीडीसी ६००० या संगणकांवर उभी राहिली, तेव्हा इनपुट म्हणजे बहुधा आधीच पंच करून ठेवलेला कार्डांचा गठ्ठा असे. पुढचे अक्षर तिथे असतेच, म्हणून ते आधी आणून ठेवण्यात गैर काहीच नव्हते.

टर्मिनलवर हेच नियम जसेच्या तसे पाळले तर काय होते, ते पायरीपायरीने पाहा. प्रोग्रामची पहिली ओळ 'राइट' करून वय विचारणारी आहे आणि दुसरी 'रीडएलएन' करून वय वाचणारी आहे. परंतु पहिली ओळ चालण्यापूर्वीच 'रीसेट' होते, ते बफर भरण्यासाठी एक अक्षर मागते, आणि वापरकर्ता कोऱ्या पडद्याकडे पाहत बसतो. त्याने अंदाजाने २५ टाइप करून एंटर दाबले की प्रॉम्प्ट उमटतो. मग 'रीडएलएन' २५ वाचते, ओळीचा शेवट ओलांडते, आणि ओलांडल्यावर बफरमध्ये पुढच्या ओळीचे पहिले अक्षर असले पाहिजे म्हणून पुन्हा अडून बसते. वय वाचून झालेले असते, तरीही त्यावरचे उत्तर छापले जात नाही. आपल्याला दिसलेल्या दोन्ही गोष्टी याच आहेत.

यावर दोन वेगळ्या वाटा निघाल्या. यूसीएसडी पास्कल या पास्कलच्या एका आवृत्तीने 'इंटरॅक्टिव्ह' नावाचा वेगळा फाइल-प्रकारच आणला. त्यात 'रीसेट' बफर भरत नाही आणि 'रीड'चा क्रम उलटा होतो: आधी 'गेट', मग मूल्य उचलणे. प्रॉम्प्टचा प्रश्न सुटला, पण 'ईओएलएन' ('ओळ संपली का?') या प्रश्नाचा अर्थ बदलला. मूळ पास्कलमध्ये ओळीचा शेवट पुढे आला आहे हे तो वाचण्यापूर्वी कळते, तर इथे तो वाचून झाल्यावर. परिणामी एकच लूप दोन प्रकारच्या फाइलींवर दोन तऱ्हांनी वागू लागला, आणि शिकवण्यासाठी जन्मलेल्या भाषेत हा सौदा मला महागाचा वाटतो. टर्बो पास्कलने (१९८३) तर 'गेट', 'पुट' आणि बफर-चल यांना सरळ रजाच दिली.

दुसरी वाट म्हणजे आळशी इनपुट. 'गेट' केले की प्रत्यक्ष अक्षर आणायचे नाही, बफर शिळा झाला एवढीच नोंद ठेवायची. आणि प्रोग्राम जेव्हा 'इनपुट^', 'ईओएफ' ('इनपुट संपले का?') किंवा 'ईओएलएन' यांपैकी कशाकडे तरी पाहील तेव्हाच अक्षर आणायचे. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की आयएसओ ७१८५ या पास्कलच्या आंतरराष्ट्रीय मानकाला (१९८३, सुधारित १९९०) ही वाट पूर्णपणे मान्य आहे. 'इनपुट'वरील 'रीसेट'ची फलश्रुती प्रोग्रामच्या आरंभी नव्हे, तर त्या फाइलला किंवा तिच्या बफर-चलाला पहिल्यांदा हात लागण्यापूर्वी खरी असली पाहिजे, अशी मानकाची शब्दरचना आहे. काय खरे असावे हे मानक सांगते, ते केव्हा घडवून आणावे हे सांगत नाही. आपले नियमपत्रही याच भाषेत लिहिले तर आपण ज्याला ठिगळ म्हणता ते ठिगळ राहत नाही, ती एक वैध अंमलबजावणी ठरते.

चौथा_बिट

वरील उत्तर पटले, परंतु सगळा भार शब्दरचनेवर टाकून टर्मिनलचे नावच घ्यायचे नाही, हे मला पुरेसे वाटत नाही. सी भाषेच्या मानकाने ते नाव घेतले आहे, आणि कसे घेतले आहे ते पाहण्यासारखे आहे. संवादी उपकरण कशाला म्हणावे हे मानकाने अंमलबजावणीवर सोपवले आहे. परंतु अशा उपकरणावरचे इनपुट-आउटपुट कसे घडावे, याला प्रोग्रामच्या बाहेरून दिसणाऱ्या वर्तनात स्थान दिले आहे आणि त्यामागचा हेतूही सरळ लिहिला आहे: प्रोग्राम इनपुटची वाट पाहू लागण्यापूर्वी प्रॉम्प्ट प्रत्यक्षात दिसलेला असावा. मानकाच्या रुक्ष मजकुरात हेतू सांगणारे वाक्य क्वचितच सापडते, आणि इथे ते आहे याचे कारण हा हेतू काटेकोर नियमात बसवणे अवघड आहे.

प्रत्यक्ष नियम असा की 'एसटीडीइन' आणि 'एसटीडीआउट' हे प्रोग्रामचे नेहमीचे इनपुट व आउटपुट प्रवाह संवादी उपकरणाशी जोडलेले नाहीत हे ठरवता आले तरच, आणि तरच, ते पूर्ण बफर केलेले असतात, म्हणजे अक्षरे साठवून मग एकदम पुढे पाठवतात. म्हणूनच टर्मिनलवर व्यवस्थित चालणारा प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामला पाइपने (एकाचे आउटपुट दुसऱ्याचे इनपुट होईल असा) जोडला की त्याचा प्रॉम्प्ट बफरमध्ये अडकून राहतो आणि दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात. तिथे 'एफफ्लश' (आउटपुटचा बफर रिकामा करणे) स्वतःच करावे लागते. सी++ ने हे नाते आणखी स्पष्ट केले: 'सीइन' हा इनपुटचा प्रवाह 'सीआउट' या आउटपुटच्या प्रवाहाशी बांधलेला असतो, आणि 'सीइन'वर कोणतीही वाचनक्रिया सुरू होण्यापूर्वी 'सीआउट' रिकामा केला जातो. यात उपकरण संवादी आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही, म्हणून मला ही तरतूद सर्वांत स्वच्छ वाटते. वेगासाठी ती गाठ सोडणारे पुष्कळ असतात. त्यांनी मग प्रॉम्प्ट उशिरा आला म्हणून बोटे मोडू नयेत.

किती अक्षरे पुढे पाहावे, या प्रश्नाला सीचे उत्तर आहे: एक. 'अनगेटसी'ने एक अक्षर परत टाकता येईल याची हमी आहे, त्यापुढची नाही. इनपुटमधून मूल्ये वाचणाऱ्या 'स्कॅनएफ'लाही हीच मर्यादा आहे आणि तिचा परिणाम मानकाने स्वतःच उदाहरण देऊन दाखवला आहे. इनपुटमध्ये १०० ला चिकटून रोमन लिपीतला 'अर्ग्ज' (ergs) हा शब्द आला आहे आणि आपण दशांश संख्या मागितली आहे, असे समजा. त्या शब्दाचे पहिले अक्षर 'ई' असल्याने '१००ई' इथपर्यंतचा मजकूर घातांकासह लिहिलेल्या संख्येची सुरुवात असू शकतो, म्हणून 'स्कॅनएफ' ते अक्षर गिळते. पुढे आकडा किंवा चिन्ह न येता 'आर' येतो. आता '१००' पर्यंत मागे जायचे तर 'ई' आणि 'आर' अशी दोन अक्षरे परत टाकावी लागतील, आणि हमी तर एकाचीच आहे. म्हणून मानक सांगते की हे वाचन फसले. हाच मजकूर स्मृतीतल्या स्ट्रिंगमध्ये असता तर 'एसटीआरटीओडी' या फंक्शनने निमूटपणे १०० दिले असते. एकाच भाषेत संख्या वाचण्याचे दोन निकाल निघतात. मात्र नियम आधीच सांगितलेला असल्याने त्याला मी दोष म्हणणार नाही.

अर्धविराम

दोन्ही उत्तरांबद्दल आभार. आळशी इनपुट स्वीकारण्याचे ठरवले आहे, आणि इनपुट मागण्यापूर्वी आउटपुट रिकामे करण्याचा नियमही घालत आहे. परंतु एक गोष्ट अजून सुटत नाही. 'इनपुट संपले नाही तोवर: प्रॉम्प्ट छापा, ओळ वाचा' असा लूप माझ्या भाषेत अगदी स्वाभाविक ठरतो, आणि आळशी इनपुट असूनही त्यात प्रॉम्प्ट उशिराच येतो. यावर उपाय आहे का?

कंसातला_कंस

नाही, आणि नसावाही. प्रोग्रामने 'संपले का?' असे विचारले आहे. टर्मिनलसमोर बसलेला माणूस पुढे काही टाइप करणार आहे की इनपुट संपवणार आहे, हे त्याने कळ दाबल्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही. आळशीपणाने उत्तर लांबवता येते, टाळता येत नाही. पास्कलचा 'ईओएफ' हे भाकीत आहे, तर सीचा 'एफईओएफ' हा वृत्तांत आहे: आधी वाचण्याचा प्रयत्न फसला, मग त्याची नोंद पाहिली. पास्कलकडून सीकडे आलेले विद्यार्थी 'एफईओएफ'ला भाकीत समजून लूप लिहितात आणि शेवटची ओळ दोनदा प्रक्रिया होते, ही तक्रार सर्वांच्या परिचयाची आहे. तरीही संवादी वापरासाठी वृत्तांताची पद्धतच योग्य आहे. आपल्या भाषेत 'ओळ वाचा' ही क्रिया एक तर ओळ किंवा 'संपले' असे मूल्य परत देऊ द्या. वेगळा प्रश्न विचारण्याची गरजच पडणार नाही.

स्कीम या भाषेच्या अहवालाने (१९९८ ची पाचवी आवृत्ती) याबाबतीत दाखवलेला प्रामाणिकपणा मला फार आवडतो. 'पीक-कॅर' म्हणजे अक्षर न उचलता पाहणे, आणि संवादी पोर्टवर (म्हणजे टर्मिनलसारख्या इनपुटच्या स्रोतावर) अक्षर उचलणारे 'रीड-कॅर' जिथे अडून बसले असते तिथे 'पीक-कॅर'ही अडून बसेल, असे तिथे स्वच्छ लिहिले आहे. नुसते पाहणे फुकट असते असा समज वाचकाने करून घेऊ नये, म्हणून. ज्याला अडकायचे नाही त्याच्यासाठी 'कॅर-रेडी?' हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याला जोडून दोन बारकावे दिले आहेत. एक, 'अक्षर तयार आहे' असे एकदा सांगितले की टर्मिनलच्या ओळ-संपादकाने ते अक्षर वापरकर्त्याला पुसू देता कामा नये. दुसरा त्याहून सूक्ष्म आहे: फाइल संपली असेल तरीही 'कॅर-रेडी?'चे उत्तर होकारार्थीच येते. नकारार्थी आले असते तर संपलेली फाइल आणि अजून काही टाइप न झालेले टर्मिनल यांत फरकच करता आला नसता. असे लिहिलेले पाहिले की प्रश्न खरोखर कोणीतरी शेवटपर्यंत विचारात घेतला होता याची खात्री पटते.

रिकामी_ओळ

'कंसातला_कंस' यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, परंतु 'पाहणे फुकट नसते' या विधानाला एक मर्यादा घालावीशी वाटते, कारण आपल्या नियमपत्राला खरा उपयोग त्या मर्यादेचाच होईल. टर्मिनल सामान्यतः ओळीच्या पद्धतीने चालते: वापरकर्ता एंटर दाबेपर्यंत प्रोग्रामला एकही अक्षर मिळत नाही, आणि दाबल्यावर संपूर्ण ओळ एकदम मिळते. त्यामुळे ओळीच्या आत कितीही पुढे पाहिले तरी कोणाला थांबावे लागत नाही. थांबावे लागते ते ओळीचा शेवट ओलांडून पलीकडे पाहिले की. लुकअहेड किती अक्षरांचे, यापेक्षा ते ओळीच्या कडेपलीकडे जाते का, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो.

या नजरेने पाहिले की बऱ्याच ठिकाणच्या गोष्टी उलगडतात. सीमध्ये '%डी' या रूपाने आकडा वाचला तर आकड्यामागचे ओळ-शेवटाचे चिन्ह पाहून परत टाकले जाते, आणि काही बिघडत नाही. त्याच '%डी'पुढे कोणी नवी ओळ दर्शवणारे चिन्ह लिहिले तर 'स्कॅनएफ' रिकाम्या जागा संपून काहीतरी ठोस अक्षर येईपर्यंत वाचत राहते. वापरकर्ता एंटरवर एंटर दाबत राहतो आणि प्रोग्राम हलत नाही. प्रोलॉग या भाषेत पद (वाचनाचे एक पूर्ण एकक) पूर्णविरामाने संपते, पण तो पूर्णविराम पदाचा शेवट आहे की एखाद्या चिन्हसमूहाचा भाग, हे त्यापुढचे अक्षर पाहूनच ठरते. १९९५ च्या आयएसओ मानकानुसार पुढे रिकामी जागा, ओळीचा शेवट किंवा टिप्पणीची सुरुवात असावी लागते. पूर्णविराम देऊन एंटर दाबले की ते अक्षर त्याच ओळीत मिळते, म्हणून एका अक्षराच्या या लुकअहेडचा जाच कोणाला जाणवत नाही.

याउलट एडा या भाषेत 'स्किप_लाइन' ही क्रिया ओळीच्या शेवटापाशी थांबत नाही. त्या शेवटाला लागून पानाचा शेवट आला असेल तर तोही ओलांडावा आणि पानांची मोजदाद वाढवावी, असा नियम आहे. नियम अक्षरशः पाळायचा तर एंटर दाबल्यावरही पुढचे काहीतरी येईपर्यंत थांबणे भाग पडते. छापील पानांसाठी आखलेली रचना टर्मिनलला लावल्याचा हा परिणाम आहे, आणि माझ्या मते एडाच्या मजकूर-इनपुटमधला हा सर्वांत कमकुवत दुवा आहे. एडा ९५ मध्ये भर पडली ती मात्र विचारपूर्वक होती: 'लुक_अहेड' पुढचे अक्षर दाखवते, पण ओळ संपली असेल तर अक्षराऐवजी फक्त 'ओळ संपली' एवढेच कळवते आणि पलीकडे डोकावत नाही, तर 'गेट_इमीडिएट' एंटरची वाट न पाहता कळ दाबताच अक्षर देते, आणि तिच्या दुसऱ्या रूपात अक्षर आलेलेच नसेल तर तसे सांगून लगेच परतते. ओळीच्या आत डोकावण्याची गरज आणि कळ तत्काळ मिळण्याची गरज या दोन वेगळ्या गरजा आहेत, हे तिथे ओळखले गेले.

अर्धविराम

ओळीच्या कडेची कल्पना मनात बसली. त्यानुसार मसुदा असा करत आहे: "कोणतीही वाचनक्रिया आपला निकाल ठरवण्यास आवश्यक तेवढीच अक्षरे मागते. ओळीचा शेवट दिसल्यावर, प्रोग्रामने त्यापलीकडचे काही स्पष्टपणे मागितल्याखेरीज, पुढचे अक्षर मागितले जाणार नाही. इनपुटचे अक्षर उपलब्ध नसल्यामुळे थांबावे लागणार असेल, तर थांबण्यापूर्वी प्रलंबित आउटपुट पोहोचवले जाईल." 'संपले का?' ही क्रिया काढून टाकली आहे.

चौथा_बिट

मसुदा चांगला आहे. दोन ठिकाणी शब्द घट्ट करावे लागतील.

पहिले म्हणजे 'मागते' हा शब्द. इंटरप्रिटर एकेक अक्षर मागत असला तरी त्याच्याखालची लायब्ररी हजारो अक्षरांचा बफर एकदम भरून घेऊ शकते. टर्मिनलवर हे खपून जाते. परंतु आपली भाषा दुसरे प्रोग्राम चालवू देत असेल आणि ते हेच इनपुट वाचणार असतील, तर त्यांच्या वाट्याची अक्षरे आपल्या बफरमध्ये पडून राहतील. पॉसिक्स या युनिक्स-प्रणालींच्या मानकाने शेलसाठी (आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामसाठी) ही बाब नियमात घातली आहे: शेलने चालवलेली आज्ञा त्याच स्टँडर्ड इनपुटमधून वाचणार असेल, तर तिच्यासाठी असलेली अक्षरे शेलने आधीच वाचून संपवता कामा नयेत. पाइपमधून आलेले इनपुट मागे सरकवता येत नसल्यामुळे शेलची 'रीड' आज्ञा तिथे एकेक बाइट करून वाचते, आणि ती इतकी संथ असण्याचे कारणही हेच आहे. आपल्याला एवढे कडक व्हायचे नसेल तर 'प्रोग्रामच्या दृष्टीने' असे शब्द घाला आणि बाह्य प्रोग्रामशी इनपुट वाटून घेण्याबाबत हमी नाही असे वेगळे लिहा.

दुसरे म्हणजे ओळीचा शेवट 'दिसल्यावर' असे आपण म्हणता, पण तो कशाने दिसतो हे सांगितलेले नाही. ओळीचा शेवट दर्शवणाऱ्या सीआर आणि एलएफ या दोन अक्षरांपैकी एकट्या सीआरने, एकट्या एलएफने आणि सीआर-एलएफ जोडीने, अशा तिन्ही प्रकारांनी संपणाऱ्या ओळी आपण स्वीकारणार असाल, तर सीआर दिसल्यावर पुढे एलएफ आहे का हे पाहावे लागेल, आणि तेच पाहणे ओळीच्या कडेपलीकडचे आहे. ओपनजेडीके या जावाच्या अंमलबजावणीतील 'बफर्डरीडर' यातून व्यवस्थित वाट काढतो: सीआर दिसताच तो ओळ परत देतो आणि 'पुढच्या वाचनाच्या सुरुवातीला एलएफ आला तर तो टाकून द्यावा' एवढी खूण स्वतःजवळ ठेवतो. आपल्या नियमात हे असे लिहिता येईल: "सीआर हे अक्षर ओळ संपवते, त्याला लागून आलेला एलएफ पुढील वाचनाच्या वेळी वगळला जातो." 'पुढील वाचनाच्या वेळी' हे शब्द मात्र गाळू नका, नाहीतर कोणीतरी तो एलएफ लगेच शोधायला जाईल आणि त्याचा इंटरप्रिटर सीआरवर संपणाऱ्या प्रत्येक ओळीनंतर पुन्हा एकदा थांबेल.